शाईचे डोळे

"आबा, हिचा एक डोळा लाल आलाय आणि एक पांढरा," मी म्हटलं.

माझे सासरे दुकानाच्या दर्शनी भागात स्टुलावर बसून कॅमेऱ्याची काच पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दोन्ही काळे कर. आपल्याला काय त्याचं."

"पण पांढरा का आला?"

"हलव्याचा मुकुट होता ना डोक्यावर. फ्लॅश त्याच्यावर आपटला आणि डोळ्यात उतरला. बोरन्हाणाच्या फोटोत असं व्हायचंच."

विट्यातल्या आमच्या स्टुडिओत डोळे भरणं हे माझं काम होतं. रोलचे कॅमेरे होते तेव्हा. अंधाऱ्या माजघरात समोरून फ्लॅश मारला की माणसांचे डोळे निखाऱ्यासारखे लाल यायचे, आणि पोरांचे तर हमखास. सांगलीच्या कलर लॅबमधून फोटोंचं बंडल आलं की मी चार केसांचा ब्रश आणि काळी शाई घेऊन बसायची, आणि एकेका डोळ्यात ठिपका ठेवून त्यांना माणसात आणायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सुरुवातीला एका नवरीचे डोळे मी असे भरले, की तिच्या सासरच्यांनी विचारलं, पोरगी एवढी कशाला भ्यायली होती? पुढे हात बसला. चुलीवरचा भात उतू जायच्या आत मी वरातीतल्या अख्ख्या ओळीचे डोळे भरून मोकळी व्हायची.

आमच्या गावात फोटोला मोल होतं, कारण गल्लीतले निम्मे बाप्ये गलाईच्या धंद्याला बाहेर. सोनं-चांदी गाळायचं काम. कुणी बनारसला, कुणी केरळात, कुणी कोइमतूरला. वर्षा-दोन वर्षांनी घरी येणार. तोवर त्यांची पोरं त्यांच्याकडे पाकिटातून जायची. पोरगं रांगायला लागलं, काढ फोटो. दात आला, काढ फोटो. आता बापाकडे निघालेलं पोर लाल डोळ्यांनी कसं पाठवायचं?

ही पोरगी म्हणजे रेणू. पाठीमागच्या गल्लीतल्या उज्ज्वलाची, अजून दोन वर्षांची झाली नव्हती. तिचा बाप धनाजी कोइमतूरला. तो गेला तेव्हा ती पाळण्यात होती. आजी हौसाक्का, म्हणजे उज्ज्वलाची सासू, हिनं नातीचं बोरन्हाण थाटात केलं होतं. काळं झबलं, हलव्याचा हार, बाजूबंद, मुकुट. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, आणि खाली ते लुटायला गल्लीतली सगळी पोरं. आबा स्वतः फोटो काढायला गेले होते.

मी उजवा डोळा भरला. डाव्यावर ब्रश नेला आणि थांबले. पांढरा म्हणजे चुन्यासारखा पांढरा नव्हता तो. पिवळट झाक होती, आत कुणी कंदील लावून ठेवल्यासारखी.

मला पहिल्यापासून ही खोड. आमचे हे म्हणायचे, हिला ताट वाढून दिलं तरी विचारील, ताट गोलच का असतं. मी बंडलातले सगळे फोटो चटईवर मांडले. बोरं लुटणाऱ्या पोरांचे डोळे बघितले, सगळे लाल. रेणूनं कॅमेऱ्याकडे सरळ बघितलं होतं तिथं तिचेही दोन्ही लाल. पण जिथं जिथं तिची नजर जराशी बाजूला गेली होती, तिथं डावा पांढरा.

"आबा, मुकुट सगळ्या फोटोंत आहे. मग डोळा कधी लाल आणि कधी पांढरा कसा?"

"तू फोटोवाल्याची सून आहेस का फौजदाराची?"

"फोटोवाल्याचीच. म्हणून विचारते."

ते हसले आणि पुन्हा काच पुसायला लागले. माझं काही समाधान झालं नाही. आमच्या सुमितचा गेल्या वर्षीचा मुकुट डब्यात होता. सुमित तेव्हा चार वर्षांचा. दुपारी दुकानाचं शटर निम्मं ओढून मी त्याला अंधारात बसवलं, मुकुट चढवला आणि रोलच्या शेवटी उरलेल्या फोटोंवर हात चालवला. सरळ बघ. आता कपाटाकडे बघ. आता पंख्याकडे. त्याची जीभ कपाळावरून लोंबणाऱ्या हलव्यापर्यंत पोचत होती, त्यामुळे शेवटच्या फोटोपर्यंत मुकुटाची एक बाजू त्याच्या पोटात गेली होती.

रोल सांगलीला गेला, धुऊन आला. सुमितचे डोळे प्रत्येक फोटोत लाल. दोन्ही. नजर कुठंही असो.

"मुकुट निर्दोष सुटला," मी आबांना सांगितलं.

"बरं झालं. आता त्या पोरीचे डोळे भर आणि पाकीट दे त्यांचं. हौसाक्का दोनदा येऊन गेली."

मी पाकीट दिलं नाही. उज्ज्वलाला निरोप धाडला, एक-दोन फोटो हलल्यासारखे आलेत, रेणूला घेऊन ये, परत काढू.

ती आली. काजळ-पावडर करून, पिवळा फ्रॉक घातलेली रेणू कडेवर, आणि मागून हौसाक्का. पोरीला पडद्यासमोरच्या स्टुलावर बसवलं. आबा कॅमेऱ्यामागे. पोरांना हसवायचं काम माझं. त्यासाठी माझ्याकडे एक कापडी पोपट होता. मी तो रेणूच्या उजव्या बाजूनं हळूच वर काढला. तिची नजर लगेच धावली, खुदकन हसली. मग मी आबांच्या मागून वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला गेले आणि तिथून पोपट पुढे केला.

ती उजवीकडेच शोधत राहिली.

पोपट तिच्या कानापाशी नेला तरी तिला पत्ता नव्हता. नाकासमोर आला तेव्हा एकदम दचकली, मग दोन्ही हातांनी धरला आणि खिदळली. तिच्याबरोबर सगळे हसले.

मी पुन्हा केलं, खेळ म्हणूनच. उजवीकडून आला की सापडायचा, डावीकडून आला की नाही. दुसऱ्या खेपेला उज्ज्वलाचं हसू थांबलं.

"वहिनी, डावीकडून काही आलं तर हिला कळतच नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "घरी पण त्याच बाजूनं चौकटीला धडकते. मला वाटायचं, माझंच तेवढं लक्ष जातंय."

"बापावर गेलीया," हौसाक्का म्हणाली. "त्यो बी आपटत-धोपटतच मोठा झाला. आता काढा फोटू, पोरगी कटाळायच्या आत."

आबांनी फोटो काढले. मी त्यांना म्हटलं, बाजूला बघतानाचे पण काढा. त्यांनी माझ्याकडे चमकून बघितलं, पण काढले.

ते फोटो सांगलीहून आले तेव्हा मी पाकीट आधी एकटीनं उघडलं. डोक्यावर मुकुट नव्हता, घरातला अंधार नव्हता. डावा डोळा तसाच. कंदील तसाच.

दोघी सासवा-सुना आल्यावर मी फोटो न भरता तसेच काउंटरवर मांडले.

"हे फ्लॅशचं नाही वाटत मला," मी म्हटलं. "डोळ्याच्या डॉक्टरला दाखवून या एकदा."

हौसाक्कानं एक फोटो उचलला, लांब धरला, जवळ धरला.

"ह्यो असला भुतावानी फोटू तू माझ्या लेकाला धाडायला लावतीस व्हय?"

"धाडायला नाही, मावशी. डॉक्टरला दाखवायला."

"डाक्तर कशाला? फोटू तुमास्नी नीट काढता येईना, दोनदा काढून बी येईना, आनि दोष माझ्या नातीच्या डोळ्याला?" ती आबांकडे वळली. "आबा, तुमच्या हाताला आता कंप सुटला आसंल तर तसं सांगा. आमी दुसरा फोटोवाला बघू. पर पोरीच्या नावानं आसलं काय काढू नका. पुढं लगीन हाय तिचं."

ती उज्ज्वलाला घेऊन चालती झाली. उज्ज्वला दारातून मागे वळून बघत गेली, फोटोंकडे.

आबांनी फोटो गोळा करून पाकिटात घातले. मग म्हणाले, "झालं समाधान? अख्ख्या गल्लीत आता काय होईल सांगू? आबाचा फोटो बिघडला की तो गिऱ्हाइकाला आजारी पाडतो."

"आबा, तुम्ही तरी सांगा. फोटो बिघडलाय का?"

 संध्याकाळी त्यांनी पत्र्याची पेटी खाली काढली. गिऱ्हाइकांच्या निगेटिव्ह ते जपून ठेवायचे. रेणूच्या बारशाची पट्टी काढून त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरली, डोळ्याला भिंग लावलं. मग दिवाळीची. निगेटिव्हवर पांढरं असतं ते काळं दिसतं आणि काळं असतं ते पांढरं. मला त्यातलं काही उमजायचं नाही, पण आबांचं सगळं आयुष्य उलटं बघण्यात गेलं होतं.

"बारशाला नाही," ते म्हणाले. मग दिवाळीच्या पट्टीवर भिंग सरकवत, "दिवाळीत आहे. मोहरीएवढं."

दिवाळीचे डोळे कुणी भरले होते, ते त्यांनी मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सकाळी उठून बघते तर आबांनी कोट घातलेला. हा कोट फक्त लग्नाच्या ऑर्डरीला बाहेर निघायचा. कोटाच्या खिशात फोटोंचं पाकीट. मी चपला घालून त्यांच्या मागे निघाले.

हौसाक्का अंगणात भांडी घासत होती. आबांना बघून राखेचे हात तसेच ठेवून उभी राहिली.

"हौसाक्का, फोटो बिघडलेला नाही," आबा म्हणाले.

"मग?"

"बरोबर आलाय. इतका बरोबर फोटो माझ्या हातून आजवर आला नसेल. पोरीला मिरजेला न्यायला पाहिजे, आणि आज न्यायला पाहिजे. मी येतो बरोबर."

हौसाक्का त्यांच्या कोटाकडे बघत राहिली. दारात उज्ज्वला येऊन थांबली होती. बहुतेक तिनं रात्रीच ठरवलं असावं, कारण तिच्या हातात पिशवी होती आणि रेणूच्या पायात बूट.

"तुमी सोता सांगाय आलाय म्हंजे..." हौसाक्का म्हणाली आणि वाक्य अर्धं टाकून हात धुवायला गेली.

मिरजेच्या डॉक्टरांनी रेणूच्या डोळ्यांत थेंब घातले, तिला अंधाऱ्या खोलीत नेलं. आम्ही बाहेर बाकावर. आतून आधी रेणूचा आकांत ऐकू आला, मग काहीच नाही. ते काहीच नाही जास्त वाईट होतं. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी फोटो मागितले. एकेक करून बघितले.

"हे कुणी काढले?"

आबा शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले. "मी."

"आणि डोळे असेच ठेवले? बहुतेक ठिकाणी रंगवून देतात."

"आम्ही पण देतो," आबा म्हणाले. "हे सुनेनं ठेवायला लावले."

डॉक्टर उज्ज्वलाकडे वळले. आवाज चढवला नाही, घाईही केली नाही. "डोळ्याच्या आत मागं एक पडदा असतो. चांगल्या पडद्यावर उजेड पडला की तो लाल चमकतो, फोटोत दिसतो तसा. हिच्या डाव्या पडद्यावर गाठ आहे. उजेड तिच्यावर पडतो तेव्हा पांढरं दिसतं."

"वाईट गाठ?"

"वाईट. पण अजून डोळ्याच्या आतच असावी असा माझा अंदाज आहे. मुंबईला ताबडतोब न्या, मी चिठ्ठी देतो. तिकडं पक्कं कळेल. डोळा काढावा लागेल असं धरून चाला."

"तिला दुखत नाही पण काही," उज्ज्वला म्हणाली. "खेळते, जेवते. रडत पण नाही."

"दुखत नाही, म्हणूनच घरच्यांना कळत नाही. हिची नजर त्या बाजूनं गेलेली आहे, ती परत येणार नाही. आता आपल्याला पोरगी वाचवायची आहे. थांबलात तर गाठ डोळ्यातून मागं सरकेल, मेंदूकडं."

येताना एस.टी.त रेणू आजीच्या मांडीवर झोपली होती. हौसाक्का एक हात तिच्या डाव्या डोळ्यावर धरून बसली होती, खिडकीतून ऊन येत होतं म्हणून.

विट्याला उतरलो ते तडक स्टँडसमोरच्या टेलिफोन बूथवर. धनाजीला विचारल्याशिवाय पोरीला मुंबईला कसं न्यायचं? कोइमतूरला पेढीवर फोन लागला, धनाजीला बोलावून आणलं. उज्ज्वलानं दोन-तीन वाक्यांत सांगितलं. ती रडली नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं. धनाजीचा आवाज इतका मोठा होता, की काचेच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या आम्हाला ऐकू येत होता.

"डोळा काढायचा म्हणजे? कुणी सांगितलं? अगं, माझ्या खिशात फोटो आहे तिचा. दिवाळीचा. रोज बघतोय मी. दोन्ही डोळे काळेभोर आहेत. कुणीतरी फसवतंय तुम्हाला. मी येईपर्यंत कुठं हलायचं नाही."

"कधी येताय?"

"शिमग्याला येतोच आहे की."

उज्ज्वलानं रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि काचेतून आमच्याकडे बघितलं. आत्ताच डॉक्टरांनी ताबडतोब म्हटलं होतं, आणि इथं नवरा शिमग्याला म्हणत होता. हौसाक्का नुसती "देवा, देवा" करत होती.

आबांनी दार ढकललं आणि तिच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"धनाजी, मी आबा फोटोवाला."

पलीकडून काहीतरी जोरात आलं.

"बोल तू काय बोलायचं ते. मग ऐक. खिशातला फोटो काढ बाहेर." आबा थांबले. "काढलास? आता डाव्या डोळ्यावरनं बोट फिरव. सावकाश फिरव. जरासं खडबडीत लागतंय?"

आबांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला घेतला.

"मग उजव्यावरनं फिरव. तिथंही लागंल. ती शाई आहे, बाळा. ते दोन्ही डोळे माझ्या दुकानातले आहेत. पोरीचे आत्ताचे डोळे तू बघितलेलेच नाहीस."

बूथवाला पोरगा हातातला पेपर ठेवून आबांकडे बघायला लागला.  मग धनाजी बोलला, आणि आता त्याचा आवाज काचेबाहेर येत नव्हता. आबा नुसते "हं, हं" करत होते. त्यांनी रिसीव्हर उज्ज्वलाला परत दिला.

"मुंबईत कुठं यायचं ते विचारतोय. तिकडनंच थेट गाडी धरतो म्हणाला."

उज्ज्वलानं पत्ता सांगितला, नीट सावकाश, एकेक शब्द. रिसीव्हर ठेवला. बाहेर आली, बूथच्या पायरीवर बसली आणि मग रडली. हौसाक्का तिच्या शेजारी बसली. माझ्याकडे वर बघून म्हणाली, "इंदू, पोरीला घे जरा," आणि पहिल्यांदाच रेणूला माझ्या हातात दिलं.

मुंबईत रेणूचा डावा डोळा काढला. गाठ डोळ्याबाहेर गेलेली नव्हती. उजवा चांगला होता, तरी दर थोड्या महिन्यांनी तिला गुंगी देऊन तो तपासायला न्यावं लागायचं, आणि प्रत्येक खेपेला उज्ज्वला परत येईपर्यंत हौसाक्का एक वेळ जेवायची. धनाजी वर्षभर परत गेला नाही. आमच्या दुकानात डोळे भरायचं काम पुढेही बरीच वर्षं चाललं. फक्त बंडल सोडलं की आबा आधी स्वतः सगळे फोटो बघायचे, कोरे, आणि मगच माझ्या हातात द्यायचे. तपासण्या लांबत लांबत वर्षाला एक झाल्या. डॉक्टर म्हणाले, आता हिला शाळेत घाला आणि विसरून जा. पोरीला डाव्या बाजूला सुरेख घडवलेला डोळा बसवला होता, इतका की नवख्या माणसाला पत्ता लागायचा नाही.

एक दिवस संध्याकाळी मी दुकानाच्या पायरीवर तांदूळ निवडत बसले होते. गल्लीतली पोरं लपाछपी खेळत होती. राज्य रेणूवर होतं. ती तेव्हा दुसरीत असेल. आमच्या भिंतीकडे तोंड करून ती मोठ्यानं आकडे म्हणत होती.

सुमित खांबामागून धावत आला.

"आई, ही चीटिंग करते. बघ तू. एकच डोळा झाकते."

मी बघितलं. रेणूनं उजवा तळहात उजव्या डोळ्यावर घट्ट दाबून धरला होता. डाव्या हातात पेरू होता, निम्मा खाल्लेला. डावा डोळा भिंतीकडे उघडाच.

"का गं?" मी विचारलं.

तिनं हात न काढता, वैतागून, मला एवढंही कसं कळत नाही अशा सुरात सांगितलं, "दोन्ही झाकले तर पेरू कुठल्या हातानं खाऊ, मामी? आणि हा बघतच नाही. हा शोभेचा आहे."

सुमित विचारात पडला. त्यानं तिच्या डाव्या डोळ्यासमोर हात हलवून बघितला. मान हलवली. मुद्दा त्याला पटला होता, पण हरायचं नव्हतं.

"आकडे तरी नीट म्हण मग. सतराच्या पुढं एकदम वीस म्हणालीस."

"अठरा-एकोणीस मनात म्हटले," रेणू म्हणाली, पेरूचा मोठा घास घेतला आणि शोधायला निघाली.